खराट्यापलीकडचे गाडगेबाबा

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की वलगाव लागतं. तिथल्या पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावतीकडे येताना, वाटेतच. दोनच आठवड्यांपूर्वी, ६ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले होते. वऱ्हाडातल्या दलित-बहुजनांचे दोन मोठे आधार पंधरा दिवसांत हरपले.

आज गाडगेबाबांचं नाव काढलं की खराटा आठवतो. राज्य सरकारनं ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, गावंच्या गावं झाडून निघाली. चांगलंच झालं. पण त्या गौरवात बाबांच्या कामाचा गाभा मागे पडला. त्यांना झाडायची होती ती जात.

बाबांचं मूळ नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म १८७६ सालचा, शेंडगावच्या परीट घरातला. बाप दारूपायी गेला. पोरगा मामाकडे, दापुऱ्यात, ढोरं राखत आणि शेत कसत वाढला. मुलगी झाली तेव्हा जातभाईंनी रिवाजाप्रमाणे बारशाला मटण आणि दारूची वाट पाहिली. देबूजीनं पानात गोडधोड वाढलं. पंगत नाराज झाली, पण तो हटला नाही. पुढची पन्नास वर्षं त्यानं जे केलं, त्याची सुरुवात या पानापासून झाली असं म्हणायला हरकत नाही. १९०५ साली त्यानं घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात गाडगं आणि खराटा. गावात आल्यावर आधी रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन. त्या कीर्तनात बाबा प्रश्न विचारत आणि उत्तरं लोकांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करायचा का? देवाला बकरं कापायचं का? जेवणाचं ताट मोडावं लागलं तरी चालेल, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा आग्रह.

पंढरपुरात दलित वारकऱ्याला विठ्ठलाच्या मंदिरात पाऊल टाकता येत नव्हतं. रात्री पाठ टेकायला जागा मिळणंही कठीण. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली मंदिर खुलं झालं, पण त्याच्या कितीतरी आधी बाबांनी चोखामेळ्याच्या नावानं तिथं धर्मशाळा उभी केली होती. देवाचं दार उघडायची वाट न बघता त्यांनी माणसासाठी छप्पर बांधलं. १९४९ साली ही वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. लोकवर्गणीतून धर्मशाळा, सदावर्तं, शाळा उभ्या राहिल्या. बाबांनी मात्र त्यांतलं काहीच आपल्या घरादारासाठी ठेवलं नाही. पुढारीपण कशाला म्हणावं, याचं याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

याच वऱ्हाडच्या मातीत दुसरा धागा पंजाबराव देशमुखांचा. पापळचा हा शेतकऱ्याचा मुलगा विलायतेहून बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होऊन आला, स्वतः आंतरजातीय लग्न केलं आणि अमरावतीत सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. १९२७ साली अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी झालेल्या लढ्यातही ते पुढे होते. छात्रालयात एकाच पंगतीत जेवून अभ्यास केलेली पोरं जे शिकली असतील, ते शंभर भाषणांतून येत नाही. दाजीसाहेब पटवर्धनांनी तपोवन संस्थेत कुष्ठरोग्यांना हाताला काम दिलं. समाजानं वेशीबाहेर टाकलेल्यांना पोसणं पुरेसं नाही, त्यांना कमावतं करायला हवं, हे त्यांनी ओळखलं होतं.

बाबासाहेबांना जातीचा हा प्रश्न एका देशापुरता वाटत नव्हता. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची माहिती त्यांना हवी होती. ड्युबॉइस यांनी उत्तरही दिलं. रंगावरून असो की जातीवरून, माणूस हलका ठरवण्याची रीत सारखीच, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

गाडगेबाबांचा वारसा सांगणारे शंकरबाबा पापळकर अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वाढवतात. त्यांच्या कागदपत्रांवर बापाच्या जागी स्वतःचं नाव लावतात. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची मागणी मात्र जुनीच आहे: अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, तसा कायदा करा. पुरस्कार देणाऱ्यांनी ही मागणीही ऐकायला हवी. आणि दरवर्षी २० डिसेंबरला वलगावला जाणाऱ्यांनी एवढं करावं: आपल्या गावात कोणाला अजून भाड्यानं घर मिळत नाही, पाणवठ्यावर आणि पंगतीत कोणाला वेगळं ठेवलं जातं, याची चौकशी करून यावं. बाबांच्या नावानं झाडायचं काम अजून तिथं शिल्लक आहे.