मागे राहिलेले घर

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरातील एखाद्या मराठी घरी लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा आईबाप त्याला घेऊन इंदूरची अथवा मुंबईची वाट धरतात. आणि १९४१ पासून परळला उभे असलेल्या टाटा रुग्णालयाचा लौकिक असा की, 'टाटाला नेले' एवढे ऐकताच शेजाऱ्यांना प्रसंगाचे गांभीर्य उमगते. उमगत नाही ती त्याची दीर्घता; कारण मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात हा उपचार सामान्यतः दोन ते अडीच वर्षे चालतो, आणि आप्तेष्टांची सहानुभूती मात्र पहिल्या पंधरवड्यातच खर्ची पडलेली असते.

भेटीला येणाऱ्यांची रीघ लागते तीही नेमकी अवेळी. औषधांमुळे त्या बालकाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, साध्या तापानेही त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते, आणि अशा वेळी सर्दीने शिंकणारे काका मोठ्या मायेने बाजारातली मावा जिलेबी घेऊन दारात उभे राहतात! त्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही. परंतु तोच पुडा त्यांनी थोरल्या बहिणीच्या हाती ठेवला आणि तिची शाळा, डबा व अभ्यास यांचा बंदोबस्त महिनोन्‌महिने आपल्याकडे घेतला, तर परळच्या ओसरीत बसलेल्या वहिनींचा अर्धा जीव तरी ठिकाणावर राहील. बापाची नोकरी यंत्रमागावर असेल, तर हजेरी बुडाली की मजुरी बुडाली. तेव्हा घरभाड्याची रक्कम हिशेब न विचारता परस्पर चुकती करणारा मेहुणा मला दहा सांत्वनकर्त्यांहून मोलाचा वाटतो.

कागदपत्रांचे प्रकरण निराळे. या कुटुंबाची भाषा मराठी, शिधापत्रिका मात्र मध्यप्रदेशाची. त्यामुळे महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी असलेली महात्मा फुले योजना त्यांच्या उपयोगी पडत नाही, परंतु कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणारे आयुष्मान कार्ड परराज्यातील संलग्न रुग्णालयांतही चालते. रेल्वेच्या शयनयान वर्गात कर्करुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला पाऊणपट सवलत आहे, तीही विहित नमुन्यातील दाखल्यावर डॉक्टरांची सही व शिक्का असेल तरच. हे अर्ज भरणे, नकला काढणे, तिकीटखिडकीवर तिष्ठणे, ही कामे 'काही लागले तर सांगा' असे म्हणून निघून जाणाऱ्याने आपणहून मागून घ्यावीत. मागण्याचा संकोच आधीच वाकलेल्या माणसाच्या माथी कशाला?

मुंबईत, ठाण्यात किंवा कल्याणला नातलग असतील, तर त्यांच्यासाठीही काम आहे. रक्तातील बिंबिका साठवणीत जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून दात्यांची गरज पुनःपुन्हा पडते आणि आगाऊ तयार केलेली दात्यांची यादी ऐनवेळच्या धावपळीहून हितकर ठरते. उतरण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तसेच उपचार घेणाऱ्या बालकांना व त्यांच्या पालकांना विनामूल्य निवारा देणारी, २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूड संस्थाही आहे. तिथे जागेची चौकशी आगाऊ करून ठेवणे हे गावाकडून फोनवरही साधते.

पुढे मुलाच्या डोक्यावर केस उगवतात, ते घरी परतते, आणि गल्लीला वाटते, संकट टळले. गोळ्या मात्र रोज सुरू असतात, तपासणीच्या खेपा सुटलेल्या नसतात, आणि आईची झोप अद्याप पुरी झालेली नसते. मावशीने त्या घरी दुपारचे दोन तास येऊन बसण्याची वेळ खरी हीच.