पत्रिकेंत न दिसणारें

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या सडकेवर, घाट चढण्यापूर्वीं, पातूर लागतें. टेकडीवर रेणुकामातेचें देऊळ, जवळच डोंगरांत कोरलेलीं प्राचीन लेणीं, असें हें आमच्या वऱ्हाडांतील जुनें गांव. गेल्या मार्गशीर्षांत एका आप्तांच्या घरीं मुलीच्या लग्नाच्या बोलण्यासाठीं आम्हांस तेथें जाण्याचा योग आला. मुलगा पुण्यास नोकरीवर, मुलगी पदवीधर. पत्रिका जुळली, गोत्रप्रवर पाहून झालें, देण्याघेण्याचा प्रश्नहि उभयपक्षीं समजूतदारपणें मिटला. आतां सुपारी फुटणार, इतक्यांत मुलीच्या आत्याबाई बोलल्या. त्यांनीं उभें आयुष्य परिचारिकेचें काम केलें आहे. त्या म्हणाल्या, "दोघांच्याहि रक्ताची तपासणी एकदां करून घेऊं. एचआयव्हीचीसुद्धां."

बैठकींत अशी शांतता पसरली कीं माजघरापलीकडची पोह्यांची फोडणी ऐकूं यावी. मुलाचे काका उठून उभे राहिले. "आमच्या घराण्यांत असलें कांहीं नसतें," एवढेंच ते म्हणाले. आम्हीहि त्या वेळीं गप्पच बसलों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

हा विषय घरगुती मासिकांत नको, असें म्हणणारे वाचक असतील. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' काढलें, तेव्हांहि हाच आक्षेप होता, आणि त्यांस तर खटलेहि सोसावे लागले. परंतु जी गोष्ट घरांतच घडते ती घराबाहेर कोठें बोलावी?

१९८६ सालीं मद्रासेस डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणींत हा विषाणु आपल्या देशांत प्रथम आढळला. ते पहिले नमुने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते. त्यामुळें हा रोग 'तिकडच्या वस्तीचा' अशी समजूत जी रूढ झाली ती आजहि पुरती गेलेली नाहीं. पुढें १९९३ ते १९९६ या काळांत पुण्यांत डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुप्तरोगचिकित्सालयांत आलेल्या स्त्रिया तपासल्या. त्यांपैकीं ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक संसारी, एका नवऱ्यावांचून दुसरा पुरुष ठाऊक नसलेल्या. त्या ३९१ मध्यें शेंकडा १३.६ जणींच्या रक्तांत विषाणु निघाला. या स्त्रिया दुखणें घेऊन आलेल्या होत्या, म्हणून हें प्रमाण साऱ्या समाजास लावतां येणार नाहीं. पण पातिव्रत्य हें कांहीं कवच नव्हे, एवढें त्यावरून उघड झालें.

रोग टाळण्याचा उपदेश वर्षानुवर्षें तीन शब्दांत सांगितला गेला: संयम, निष्ठा, निरोध. घरांतील सुनेच्या जागीं बसून त्याकडे पाहावें. संयम नवऱ्यानें ठेवावयाचा. निष्ठा तिनें कितीहि पाळली तरी उपयोग त्याच्या निष्ठेचा. आणि निरोध तर सर्वस्वीं त्याच्याच इच्छेवर. तिनें तो शब्द उच्चारला तर "माझ्यावर संशय?" असा प्रश्न येतो, नाहीं तर त्याहून वाईट, "हें तुला कोणीं शिकविलें?" असा. शिवाय लग्नाला वर्ष झालें नाहीं तोंच सासूबाई, चुलतसासूबाई, शेजारच्या काकू, सर्वांचे डोळे पाळण्याकडे लागतात. जी वस्तु गर्भ टाळते तीच रोग टाळते. मग आई होऊं इच्छिणाऱ्या, किंबहुना आई होण्यास भाग पडणाऱ्या मुलीनें काय करावें? तिला आमचा उपदेश म्हणजे पोहतां न येणाऱ्यास काठावरून केलेली सूचना होय. डॉ. नील अँडरसन यांनीं २००६ सालीं अशा माणसांचें वर्णन निवड करण्याची शक्तीच हिरावली गेलेलीं माणसें असें केलें. त्यांस नुसती माहिती देऊन भागत नाहीं, असा त्यांचा मुद्दा होता.

सांगलीस याचें उलट उदाहरण घडलें. मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेनें १९९२ पासून तेथील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत काम आरंभिलें, आणि १९९६ मध्यें त्याच स्त्रियांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. निरोध वांटणाऱ्या त्याच, गिऱ्हाइकास अट घालणाऱ्याहि त्याच. एकजूट असल्यामुळें त्यांस 'नाहीं' म्हणतां आलें. वाचकांस हें बोंचेल, पण चारचौघांच्या घरांतील सुनेस तें एकटीनें म्हणतां येत नाहीं.

अलीकडे शास्त्रानें एक वाट काढली आहे. २०२४ सालीं दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील प्रयोगांत लेनाकॅपाविर या औषधाचीं वर्षांतून दोन इंजेक्शनें दिलेल्या २१३४ तरुणींपैकीं एकीलाहि लागण झाली नाहीं. यांत नवऱ्याची परवानगी लागत नाहीं, हें त्याचें मोठें मोल. पण दवाखान्यांत एकटीनें जाण्यासहि पदरीं चार पैसे आणि घरांतून मोकळीक लागतेच. मलावी देशांतील झोंबा येथें शाळकरी मुलींना व त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडी रक्कम दिली गेली. दीड वर्षानें त्यांच्यांत लागण शेंकडा १.२ होती, रक्कम न मिळालेल्यांत ३.०. मुलीच्या हातचा पैसा हाहि औषधाचाच एक प्रकार म्हणावयाचा.

राहिली तपासणी. ती सरकारी रुग्णालयांत विनामूल्य व गुप्तपणें होते. १०९७ या क्रमांकावर फुकट सल्लाहि मिळतो. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें संमतीवांचून कोणाचीहि तपासणी करतां येत नाहीं. म्हणून वडीलधाऱ्यांनीं फक्त विचारावें, हुकूम करूं नये. आणि एकट्या मुलीस कधींच विचारूं नये. नुकतीच झालेली लागण कांहीं आठवडे तपासणींत दिसत नाहीं, आणि लग्नापूर्वींचा कागद पुढील आयुष्याची हमी देत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. निकाल प्रतिकूल आला तरी आकाश कोसळत नाहीं. एप्रिल २००४ पासून औषधें सरकारकडून विनामूल्य मिळूं लागलीं. तीं नेमानें घेऊन रक्तांतील विषाणु मोजण्याइतकाहि न उरलेल्या माणसापासून जोडीदारास लागण होत नाहीं, आणि वेळींच उपचार झाल्यास मूलहि निरोगी जन्मास येतें. मुलगा गेल्यावर "हिनेंच आणलें" म्हणून सुनेस माहेरीं धाडणाऱ्या घरांस मात्र एक आठवण द्यावीशी वाटते: १९५६ च्या वारसा कायद्यानें विधवा ही प्रथम वर्गाची वारस आहे.

पातूरच्या त्या बैठकींत सुपारी फुटली नाहीं. काका गाडींत जाऊन बसले. आठ दिवसांनीं मुलानें पुण्याहून आत्याबाईंना स्वतः फोन केला. पुढल्या रविवारीं तो अकोल्यास उतरला आणि दुसरे दिवशीं दोघेंहि बरोबरच तपासणीस गेलीं. कागदावर काय आलें तें त्या दोघांनींच पाहिलें. आत्याबाईंनीं विचारलें नाहीं. वैशाखांत लग्न झालें. काका अक्षता टाकण्यास आले होते.