प्रेशर कुकर: 'तीन शिट्ट्या' हे मोजमाप अपुरे का?

'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करावा,' ही सूचना मराठी घरांत सर्रास दिली जाते. मात्र प्रेशर कुकरचे तांत्रिक वर्णन लिहिताना शिट्टी हे एकक चालत नाही. दोन शिट्ट्यांमधील अंतर आच, पाणी आणि भांड्याच्या आकारानुसार बदलते. त्यामुळे वर्णनात दाब, तापमान आणि वेळ यांचाच आधार घ्यावा लागतो.

बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरात ही बाब लक्षात येते. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील या शहरात उघड्या पातेल्यातील पाणी सुमारे 97 अंश सेल्सियसलाच उकळते. मुंबईत त्यासाठी 100 अंश लागतात. परिणामी, बेंगळुरूत उघड्या भांड्यातील डाळ उशिरा शिजते.

कुकर ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. त्यातील वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅमने अधिक असतो. त्यामुळे पाण्याचे तापमान मुंबईत सुमारे 120 अंशांपर्यंत, तर बेंगळुरूत त्याहून किंचित कमी जाते. हा दाब गाठला की शिट्टीचे वजन उचलले जाते आणि जादा वाफ बाहेर पडते. त्यानंतर आच वाढवल्यास अन्न लवकर शिजत नाही, केवळ पाणी आणि इंधन वाया जाते. म्हणूनच 'पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर अमुक मिनिटे' ही सूचना अधिक अचूक ठरते.

चांगल्या वर्णनात आधी उपकरणाचे कार्य, नंतर त्याचे भाग आणि शेवटी वापराच्या मर्यादा नोंदवल्या जातात. भांडे, झाकण, रबरी रिंग, वाफेची नळी, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे कुकरचे मुख्य भाग होत. यांपैकी सेफ्टी व्हॉल्व्हचे काम सर्वांत मोलाचे आहे. नळी तुंबली किंवा आतील पाणी संपले, तर त्यातील कमी तापमानाला वितळणारा धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते.

मर्यादा स्पष्ट न लिहिल्यास अपघाताचा धोका संभवतो. कुकर दोन तृतीयांशांहून अधिक भरू नये. फेस येणाऱ्या डाळी आणि फुगणारा तांदूळ यांच्या बाबतीत तर निम्म्यावरच थांबावे, कारण फेसामुळे नळी बंद होऊ शकते.

भारतात घरगुती कुकरसाठी 'आयएस 2347' हे मानक असून, केंद्र सरकारच्या 2020 च्या आदेशानुसार फेब्रुवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. मानकात न बसणाऱ्या कुकरच्या विक्रीप्रकरणी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये काही ऑनलाइन विक्री कंपन्यांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंड ठोठावला होता.

खरेदीच्या वेळी हे चिन्ह पाहणे, सोबतची पुस्तिका जपून ठेवणे आणि रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह वेळच्या वेळी बदलणे ग्राहकाच्या हिताचे आहे.