पेन्सिलीचा रंग का बदलला?

मुलासमोर कागद येतो. त्यावर मोठा आयत, आत आडव्यातिडव्या रेघा, एकीकडे तीन ठिपक्यांचं वर्तुळ. ना घर, ना मासा, ना पतंग. ‘हे बघून असंच काढ बरं.’ मूल काढू लागतं, तोच तपासणी घेणाऱ्या बाई हातातली लाल पेन्सिल घेऊन निळी देतात. थोड्या वेळानं हिरवी.

मुलाला गंमत वाटते. खरी गंमत बाईंची असते: कुठली रेघ आधी आली, हे त्यांना नंतर रंगांवरून वाचता येतं! ठिपक्यांची रांगोळी काढणारी आधी ठिपके मांडते. काही मुलं तसाच आधी आयत उभा करतात, मग आतलं भरतात. काही वर्तुळापासून सुरुवात करून तुकड्याला तुकडा जोडत जातात आणि कागदाची कड येते. पाचव्या वर्षी हे चालायचंच. बाराव्या वर्षीही तसंच होत असेल, तर आखणी कुठे अडते ते बघावं लागतं.

जिनिव्हाच्या आंद्रे रे यांनी ही आकृती १९४१ साली मांडली, मेंदूला इजा झालेल्यांना तपासण्यासाठी. पुढे १९४४मध्ये पॉल ऑस्टेरीट यांनी मुलांकडून ती काढून घेऊन वयानुसार काय अपेक्षित, ते ठरवलं. भाग १८, प्रत्येकी २ गुण, एकूण ३६.

पण खरा डाव पुढे आहे. कागद उचलला जातो, अर्धा तास इतर कामं चालतात आणि मग अचानक, ‘मघाची आकृती आठवून काढ.’ हे आधी सांगितलेलंच नसतं.

बघून नीट आली, आठवून नाही, तर शंका स्मरणावर. बघतानाच विस्कटली, तर नजर, हात किंवा आखणीवर. आठवून काढता आली नाही, पण तुकडे दाखवताच ओळखले? म्हणजे आत साठलंय, बाहेर काढता येत नाही. घरी धडाधड म्हणून दाखवणारं आणि वर्गात गप्प होणारं पोर आपण सरळ ‘आळशी’ ठरवतो, ते कदाचित असं असेल.

एका आकृतीवरून निदान होत नाही. सोबत बऱ्याच चाचण्या, पालकांशी आणि शिक्षकांशी बोलणं असतं.

आकृती इथे मुद्दामच छापलेली नाही. तपासणी ठरली असेल, तर ती शोधून मुलाकडून गिरवून घेऊ नका. गुण वाढतील आणि अहवाल निकामी होईल.