लेथी: विस्मृतीची नदी

मागच्या वेळी आपण हेडीजच्या, म्हणजे ग्रीकांच्या मृत्युलोकाच्या दाराशी थांबलो होतो. आज आत जाऊ. तिथे लेथी आहे, विस्मृतीची नदी. प्लेटो ‘रिपब्लिक’च्या शेवटी सांगतो, की पुन्हा जन्माला येणारे आत्मे हिचं पाणी पितात आणि मागचं सगळं विसरतात.

आता प्रश्न असा, की हे विसरणं म्हणजे सुटका की शिक्षा? होमरचं ‘ओडिसी’ बघा. मृतांच्या लोकात ओडिसियसला आई भेटते. त्याच्याच ओढीने झुरून ती गेलेली. पण समोर असून त्याला ओळखत नाही. बळीच्या मेंढ्यांचं रक्त प्यायल्यावरच ओळखते.

काही ग्रीकांनी यावर उपाय शोधला. मृताबरोबर ते सोन्याचा पातळ पत्रा पुरत. इटलीत हिप्पोनियनला सापडलेला असा पत्रा इ.स.पू. 400च्या सुमाराचा आहे. त्यावर वाटेची सूचना आहे: पांढऱ्या सायप्रसजवळच्या झऱ्याकडे फिरकू नकोस, पुढे जाऊन स्मृतीच्या तळ्याचं पाणी माग.

आणि गंमत बघा, ग्रीकमध्ये सत्याला म्हणतात ‘अलेथिया’. आपल्यासारखाच नकाराचा ‘अ’, पुढे हीच लेथी. विस्मृतीतून जे वाचलं, ते सत्य!