टोपी उतरवल्यावर कोण बोलतं?

इतिहासाचं ज्ञान कशाला म्हणायचं, हा आपला नेहमीचा प्रश्न आहे. आज तो ग्रंथांकडे न जाता एका पांढऱ्या टोपीपासून विचारू या.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत लेकीकडे गेले होते. तिथल्या लहानशा गावातल्या वाचनालयात एक कार्यक्रम होता. साठ-सत्तर खुर्च्या, समोर एक टेबल, त्यावर विणकामाची टोपली. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर शाल, डोळ्यांना चष्मा अशी एक कृष्णवर्णीय अभिनेत्री आली आणि म्हणाली, मी सोजर्नर ट्रुथ. पाऊण तास ती एकटी बोलत होती. मग प्रश्न सुरू झाले. लोक 'तुम्ही' म्हणून थेट सोजर्नरलाच विचारत होते. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "तुमचं ते प्रसिद्ध भाषण म्हणून दाखवा ना, शाळेत आम्हाला पाठ आहे." बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "बाळ, हे मी टोपी उतरवली की मला पुन्हा विचार."

हे उत्तर माझ्या मनातून गेलेलं नाही. का, ते सांगते.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. अमेरिकेत त्याला शटाक्वा म्हणतात. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला त्या नावाचं तळं आहे. १८७४ साली तिथे रविवारच्या धर्मशाळेत शिकवणाऱ्यांसाठी उन्हाळी शिबिर भरलं. पुढे त्याचं लोकशिक्षणाच्या चळवळीत रूपांतर झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंबू घेऊन गावोगाव फिरणारे शटाक्वा निघाले. मग रेडिओ आला, सिनेमा आला, मंदी आली आणि तंबू उठले. १९७० च्या दशकात नॉर्थ डाकोटाकडे हा प्रकार नव्या रूपात परत आला. या नव्या रूपाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात वेशभूषा करून ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडून बोलायचं. दुसऱ्यात त्याच व्यक्तीच्या भूमिकेत राहून प्रेक्षकांना उत्तरं द्यायची. तिसऱ्यात भूमिका सोडायची आणि अभ्यासक म्हणून स्वतःच्या नावानं बोलायचं. आपल्या कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, पण बुवांना मध्येच थांबवून "हे कशावरून?" असं कोणी विचारत नाही. इथे तो प्रश्न कार्यक्रमाचाच भाग आहे.

आता त्या मुलीच्या मागणीत अडचण काय होती?

सोजर्नर ट्रुथ हिचा जन्म १७९७ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात, गुलामगिरीत झाला. मूळ नाव इझाबेला. मालक डच, त्यामुळे लहानपणी तिची भाषा डच होती. इंग्रजी ती नंतर शिकली. १८२६ मध्ये तान्ह्या मुलीला घेऊन ती मालकाच्या घरातून निघाली. तिचा मुलगा पीटर बेकायदा अलाबामात विकला गेला होता. तिनं कोर्टात जाऊन त्याला सोडवून आणलं. १८४३ मध्ये तिनं स्वतःचं नाव बदललं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

१८५१ च्या मे महिन्यात ओहायोतल्या ॲक्रन इथे स्त्री-हक्क परिषदेत ती बोलली. मॅरियस रॉबिन्सन या संपादकानं ते भाषण महिन्याभरातच आपल्या पत्रात छापलं. ते छोटं आहे आणि साध्या इंग्रजीत आहे. पुरुषाइतकं काम मी केलंय, हे ती त्यात सांगते. बुद्धीबद्दलचा तिचा मुद्दा आपल्या मापात सांगायचा तर असा: पुरुषाची शेरभर असेल आणि बाईची अच्छेर, तर तिचं अच्छेर तरी भरू द्या की! त्यानं तुमचं काय सांडणार?

बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, त्या परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांनी आपल्या आठवणीतून दुसरं रूप छापलं. जगभर गाजलं ते हे. मी बाई नाही का, असं विचारणारं पालुपद यात आहे. रॉबिन्सनच्या वृत्तांतात ते नाही. गेजच्या सोजर्नरला तेरा मुलं आहेत. प्रत्यक्षात तिला पाच होती. आणि तिची बोली दक्षिणेतल्या मळ्यावरच्या गुलामाची वाटावी अशी लिहिली आहे. ती तर उत्तरेतली, डच बोलत वाढलेली! नेल अर्विन पेंटर यांनी १९९६ च्या आपल्या चरित्रग्रंथात हा सगळा गुंता उलगडून दाखवला आहे.

गेजबाई तिच्या शत्रू नव्हत्या, हे लक्षात घ्या. त्या तिच्या बाजूच्या होत्या, गुलामगिरीच्या विरोधात होत्या. पण मालकानं जिचे श्रम घेतले, तिचा आवाज हितचिंतकानं बदलला. आणि एकशे साठ वर्षं आपण टाळ्या वाजवतोय त्या बदललेल्या आवाजाला. टोपी घालून उभी असलेली नटी या जागी काय करणार? पालुपद म्हटलं तर सभागृह उठून उभं राहतं. नाही म्हटलं तर लोकांना वाटतं, खरी सोजर्नर आलीच नाही.

इथे मला शंकुक आठवतो. नवव्या शतकातला हा काश्मिरी आचार्य आपल्याला अभिनवगुप्तांमुळे माहीत आहे. रंगभूमीवरचा राम बघताना आपल्याला नेमकं काय कळतं, असा त्याचा प्रश्न. हा रामच आहे, हे सम्यक् ज्ञान नव्हे. हा राम नव्हे, असंही आपण म्हणत नाही. हा राम असेल की नसेल, असा संशय नाही. हा रामासारखा आहे, असं साम्यज्ञानही नाही. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो, त्या जातीचं हे ज्ञान आहे. याला चित्रतुरगन्याय म्हणतात.

नाटकापुरतं हे पुरेसं आहे. पण चित्रातल्या घोड्याच्या पाठीवर कोणी बसायला जात नाही. इतिहासातली बाई रंगमंचावर आली की लोक बसायला जातात! ते शाळेत जाऊन सांगतात, ती असं म्हणाली होती. म्हणजे रसाच्या जागी दावा येतो आणि दावा आला की पुरावा मागावा लागतो. शटाक्वाचा तिसरा भाग याच कामासाठी आहे. हा घोडा चित्रातला आहे, आणि चित्र कुठल्या आधारावर काढलं, हे सांगण्यासाठी.

दुसरी आठवण कॉलिंगवुडची. 'द आयडिया ऑफ हिस्टरी' हे त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये आलं. त्याचं म्हणणं असं, की इतिहासकार भूतकाळातला विचार आपल्या मनात पुन्हा घडवतो. विचार, बरं का, वेदना नव्हे. दुसऱ्याची दातदुखी मला पुन्हा दुखून घेता येत नाही, पण दुसऱ्याचा युक्तिवाद मला पुन्हा करून बघता येतो.

उदाहरण घ्या. सुझन बी. अँथनीनं ५ नोव्हेंबर १८७२ ला रॉचेस्टरमध्ये मत टाकलं. बाईनं मत देणं गुन्हा, म्हणून तिला अटक झाली. चौदावी घटनादुरुस्ती म्हणते, इथे जन्मलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक. मग बाई ही व्यक्ती आहे की नाही? एवढाच तिचा प्रश्न. खटल्याआधी ती मन्रो काउंटीतल्या सगळ्या २९ गावांत हा युक्तिवाद मांडत फिरली. १८७३ च्या जूनमध्ये न्यायाधीश हंट यांनी ज्युरीला विचार करूच दिला नाही, दोषी ठरवण्याचा थेट हुकूम दिला. शंभर डॉलर दंड झाला. तो तिनं भरला नाही. याचा वृत्तांत छापील आहे. ही भूमिका करणारी नटी नुसती चिडून ओरडली तर प्रेक्षकांना तिचा राग दिसतो. युक्तिवाद पायरी-पायरीनं चढली, तर प्रेक्षक स्वतः ज्युरीत बसतात आणि ज्या ज्युरीला बोलू दिलं नाही तिच्या जागी विचार करू लागतात. पुन्हा घडवणं म्हणतात ते हे.

"मग वेशभूषा कशाला? भाषण वाचलं तरी चालेल," असं कोणी म्हणेल. नाही. कपडा हाही पुरावा असतो. सोजर्नरची टोपी, शाल, विणकाम ही तिनं स्वतः निवडलेली ओळख आहे. १८६० च्या दशकात ती अशा वेशात फोटो काढून घ्यायची आणि ते विकून पोट भरायची. लिहिता न येणाऱ्या बाईनं स्वतःबद्दल केलेलं हे विधान आहे, आणि त्यावर गेजबाईंची लेखणी फिरलेली नाही. एमिली डिकिन्सनचंही तेच. १९७६ मध्ये ज्युली हॅरिसनं ब्रॉडवेवर 'द बेल ऑफ ॲमहर्स्ट' हा एकपात्री प्रयोग केला आणि पांढऱ्या वस्त्रातली एमिली लोकांच्या मनात ठसली. तिचा एक पांढरा झगा अजून जपलेला आहे. त्याला खिसा आहे. ही बाई लिफाफ्यांच्या तुकड्यांवर कविता लिहायची. तो खिसा पाहिला की घरात वावरता वावरता लिहिणारी बाई दिसते आणि 'पांढऱ्या कपड्यातली गूढ एकांतवासिनी' जरा बाजूला होते.

आपल्याकडे सुषमा देशपांडे यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' गावोगाव नेलं. एकटी बाई उभी राहून केवढं काम करू शकते हे आपण पाहिलंय. ज्यांना लिहू दिलं नाही, किंवा ज्यांचं लिहिलेलं कोणी जपलं नाही, त्यांच्या वतीनं बोलणाऱ्याची गरज आहेच. पुरावा अपुरा म्हणून गप्प बसलो, तर ज्यांनी त्यांना गप्प केलं त्यांचंच काम आपण पुढे नेऊ. पण बोलताना आपला शब्द तिच्या नावावर खपवला, तर गेजबाईंचं काम पुढे नेऊ. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे, पण आहे.

त्या संध्याकाळी शेवटी बाईंनी टोपी उतरवून टेबलावर ठेवली. मुलगी विसरली नव्हती. तिनं हात वर केला. बाईंनी दोन्ही वृत्तांत वाचून दाखवले, आधी गाजलेला, मग जुना. मुलीनं विचारलं, "मग मला पाठ आहे ते खोटं?" बाई म्हणाल्या, "ते खोटं नाही. ते दुसऱ्या बाईनं लिहिलेलं आहे. आता तुला दोघी माहीत झाल्या."

आज इथेच थांबते. आता तुमचे प्रश्न घेऊ. मी टोपी घातलेली नाही, तेव्हा निःसंकोच विचारा.