देवघराची तांबडी भिंत

नवरात्र समीप आले की देवघराची आवराआवर सुरू होते. उपकरणी उजळली जातात, आणि देव्हाऱ्यामागील भिंतीला नवा रंग द्यावा असे गृहिणीच्या मनात येते. देवीला तांबडे प्रिय, म्हणून सारी खोलीच गडद तांबडी करावी काय, असा प्रश्न पुष्कळ भाविक करतात. दुसरा पक्ष म्हणतो, हा वर्ण उग्र. घरात अशांती आणील.

सांख्यमतानुसार लोहित, म्हणजे तांबडा, हा रजोगुणाचा वर्ण. परंतु रज म्हणजे नुसता क्रोध नव्हे. प्रवृत्ती, उत्साह, कार्याचा आरंभ हेही रजच. तेव्हा जगन्मातेच्या पूजेत कुंकू, जास्वंद आणि रक्तवस्त्र असावे हे उचितच होय. मात्र रजाला सत्त्वाची जोड हवी, आणि ती आपल्या पूर्वजांनी भिंतीवरच दाखवून ठेवली आहे.

आपला परंपरागत तांबडा रंग म्हणजे गेरू. संस्कृतात तो गैरिक, गिरीपासून झालेला. ‘मेघदूता’तील विरही यक्ष शिळेवर प्रियेचे चित्र रेखाटतो ते धातुरागांनी, आणि मल्लिनाथाने तेथे गैरिकाचाच निर्देश केला आहे. लोहाच्या अंशाने ही माती तांबडी झालेली असते. म्हणून ती उन्हाने विटत नाही, चुन्यानेही बिघडत नाही.

हा गेरू सहसा एकटा ठेवीत नाहीत. अंगणात गेरूच्या सारवणावर शुभ्र रांगोळी उमटते. ठाणे-पालघरकडील वारली घरांत विवाहप्रसंगी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात व त्यात पालघट देवी विराजमान होते. कोकण-गोव्यातील देवळांत कावी कलेची रीत निराळी. तेथे चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देतात आणि तो ओला असतानाच कोरतात. आतला शुभ्र चुना वेलबुट्टी होऊन प्रकट होतो. सर्वत्र तांबडे हे आसन आहे, त्यावर शोभते ते शुभ्र.

यावरून व्यवहार ठरतो. चारही भिंती गडद केल्यास लहान खोली काळवंडते, समईचा प्रकाश फाकत नाही. देव्हाऱ्यामागील एकच भिंत तांबडी करावी, उरलेल्या तीन शुभ्र ठेवाव्यात. गेरू रात्रभर भिजवून वस्त्रगाळ करावा व त्यात थोडे डिंकाचे पाणी घालावे, म्हणजे तो वस्त्रांना फारसा लागत नाही. पहिला हात वाळल्यावर दुसरा द्यावा. शेंदूर मात्र भिंतीस लावू नये; परंपरागत शेंदूर शिशापासून होतो आणि बालकांस तो विषवत् आहे. बाजारचा रंग आणल्यास तोही पारखून घ्यावा. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात २०१७ पासून लागू आहे. जुन्या चुन्याच्या भिंतीला तैलरंग देऊ नये. ओल आत कोंडते व पापुद्रे सुटतात.

गेरू दरवर्षी द्यावा लागतो, तैलरंग वर्षानुवर्षे टिकतो, असे कोणी म्हणेल. परंतु देवाला आपण रोज स्नान घालतो, ते काय काल घातलेले टिकले नाही म्हणून? पुन्हा पुन्हा करावी लागते तीच सेवा. घरातील मुलांच्या हाती कुंचला द्यावा, लेकीसुनांनी त्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने स्वस्तिक आणि देवीची पावले रेखावीत. रज सत्त्वाच्या सेवेस लागले की तांबडा वर्ण उग्र उरत नाही, मंगल होतो. घटस्थापनेच्या प्रातःकाळी त्या भिंतीपुढे नंदादीप लागो, आणि आपल्या घरी आई जगदंबेचे पाऊल स्थिर होवो.